नवरा कुठाय तुझा? – मासे धरायला आफ्रिकेत गेलेल्या मेरी किंग्सलीची आठवण

खाडीकाठची | ३ जून, सकाळी ८:१०

आज ३ जून. १९०० साली आजच्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेत सायमन्स टाउनला मेरी किंग्सली टायफॉइडने गेली. वय ३७.

ही बाई माझ्या आयुष्यात आली ती आत्यामुळे. आत्या नर्स. आधी कुवेत, मग लिबिया, शेवटची बारा वर्षं इंग्लंड. जिथे गेली तिथे आधी पाणी कुठे आहे ते बघितलं. सुट्टीत घरी आली की कर्लीच्या खाडीत देवबागच्या बाजूला भरतीची वेळ धरून गरवायला बसायची, डोक्यावर काळी छत्री, शेजारी क्वालिटी स्ट्रीटचा डबा. चॉकलेटं आम्ही कधीच संपवलेली, डब्यात गळ, शिसं, नायलॉनची गुंडी. तिच्या सामानात किंग्सलीचं १८९७ सालचं प्रवासवर्णन होतं, नव्या आवृत्तीतलं पण पार पान न् पान सुटलेलं. आत्या मागच्या वर्षी गेली. पुस्तक आणि डबा माझ्याकडे आलाय.

थोडक्यात किंग्सली: १८६२चा जन्म, लंडन. वडील डॉक्टर, बड्या उमरावांच्या सोबतीने जगभर भटकणारे. आई कायम आजारी, तिची उस्तवार मेरीकडे. भावाच्या शिक्षणावर दोन हजार पौंड खर्च झाले. हिच्यासाठी पैसे मोजून शिकवलं ते फक्त जर्मन. बाकी ती शिकली वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटातून. १८९२त तीन महिन्यांच्या आत आईवडील दोघेही गेले. तिशीला टेकलेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदा मोकळी झाली आणि पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेला निघाली. १८९४च्या डिसेंबरात दुसऱ्यांदा गेली तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या डॉ. गुंथर यांचं काम अंगावर घेऊन, बरण्या आणि स्पिरिट सोबत. काम एकच, तिकडच्या नद्यांमधले मासे.

तर प्रश्न असा. पोटासाठी नाही, धंद्यासाठी नाही, नुसती आवड म्हणून पाण्याकाठी बसणारी बाई तुमच्या घरात, गावात कुणी होती का? लोक तिला काय म्हणायचे? आणि किंग्सलीबद्दल कुणाला जास्त माहीत असेल तर तेही लिहा.

---

तांबोशी | ८:३४

पयलो नंबर माझो!

आमची आजी. आज्याक गरवूक येयना नाय, आजयेक येय. तिन्हीसांजेक काठी घेऊन भायर पडली की आजो म्हणायचो, "गेली बघ, आता रात्री जेवणाक माका वाढतलो कोण?" घरी येताना दोन शेतके नायतर एखादी तांबोशी हातात, म्हणजे आज्याचो राग ओट्यावरच संपलो. लोक काय म्हणायचे ता विचारू नको. "पुरुषासारखी" ह्यो एकच शब्द होतो सगळ्यांकडे.

---

नाना_सदाशिव | ८:५१

१ जूनपासून मासेमारी बंद आहे, आणि तुम्ही ३ जूनला हा धागा काढता? सत्तरी गाठलेल्या माणसाला सुकटीवर दिवस काढताना हे वाचायला लावणं हा छळ आहे.

---

तांबोशी | ८:५५

नानानू, बंदी यांत्रिक होड्यांका. काठावर काठी घेऊन बसलास तर कोण इचारत नाय. या मालवणाक.

---

नाना_सदाशिव | ९:०२

आम्हाला गळ टाकता येत नाही. आम्ही फक्त गळाला लागतो.

---

मचवा | ९:४०

बोटीवरचा माणूस आहे (आता निवृत्त), म्हणून लिहितो.

किंग्सली ज्या ओगोवे नदीत फिरली तिचं मुख गॅबनमध्ये पोर्ट-जांतीयच्या जवळ आहे. तिथल्या केप लोपेझला आम्ही क्रूड भरायला जायचो. बर्थ मिळेपर्यंत नांगर टाकून पडून राहायचं. नदीचं पाणी इतकं गढूळ की समुद्रात कितीतरी आतपर्यंत चहाचा रंग. रात्री डेकच्या दिव्याखाली माखुल (स्क्विड हो) गोळा व्हायची आणि सगळा क्रू हातात दोरी घेऊन रेलिंगला. बोसन गोव्याचा होता, त्याचा हात असा बसलेला की दोरी बोटात धरून सांगायचा, "आली". आम्हाला काही कळायचं नाही.

त्या किनाऱ्यावरची दमट हवा आणि डास मी अनुभवलेत, तेही एसी केबिन आणि मलेरियाच्या गोळ्या असताना. ती बाई गेली तेव्हा मलेरिया डासामुळे होतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. डॉ. रोनाल्ड रॉसने ते सिकंदराबादला शोधलं १८९७त, म्हणजे तिच्या दोन्ही फेऱ्या झाल्यानंतर.

आणि तिचा शेवट. बोअर युद्धात ती सायमन्स टाउनला आजारी बोअर कैद्यांची शुश्रूषा करायला गेली आणि त्यांच्याच टायफॉइडने दोनेक महिन्यांत गेली. आपल्याला समुद्रात सोडा असं सांगून ठेवलं होतं. नौदलाने मानवंदना देऊन सोडलं. पण शवपेटी बुडेना! तरंगायला लागली. परत ओढून तिला जादा वजन बांधावं लागलं, असं सांगतात. मी ही गोष्ट ज्या कॅप्टनकडून ऐकली तो म्हणाला होता, "शिसं कमी पडलं." हसू की नको ते तेव्हाही कळलं नव्हतं.

---

खाडीकाठची | ९:५२

मचवा, "शिसं कमी पडलं" हे आत्याला फार आवडलं असतं.

---

शंकासुर | १०:४५

धागा छान, पण दोन शंका. नावाला जागलं पाहिजे.

एक, किंग्सलीला "मासेमारीची आवड" होती की मासे *जमवायची*? तिच्या बरण्यांतले बरेचसे मासे स्थानिक लोकांनीच धरून आणून दिलेले असणार. ती कापड, तंबाखू आणि लोखंडी गळ घेऊन फिरायची, त्याच्या बदल्यात रबर आणि हस्तिदंत घ्यायची. म्हणजे गळ हे तिचं चलन होतं. गळ वाटणारी बाई आणि गळ टाकून बसणारी बाई यात फरक आहे.

दोन, तिला डोक्यावर घेताना बाकीचंही बघा. बायकांच्या मताधिकाराला विरोध. विद्वानांच्या संस्थांत बायकांना सभासद करून घेण्यालाही विरोध. आफ्रिकेतल्या दारूच्या व्यापाराची तिने बाजू घेतली, कारण लिव्हरपूलचे व्यापारी तिचे मित्र. इंग्रजी व्यापार वाढावा हे तिला मनापासून वाटत होतं.

---

कोकणकन्या१२ | ११:०३

शंकासुर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. 🍿

---

सुलू_नागपूर | ११:२०

@शंकासुर, दुसरा मुद्दा मान्य, पण अर्धाच. १८९८त सिएरा लिओनमध्ये इंग्रजांनी झोपडीपट्टी बसवली (आपली झोपडपट्टी नव्हे, झोपडीवरची *पट्टी*, म्हणजे कर), तेव्हा तिने त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. म्हणणं असं की आफ्रिकन माणसाच्या लेखी, स्वतःच्याच घरावर दुसऱ्याला पैसे भरायचे म्हणजे ते घर आपलं राहिलंच नाही. मिशनरी तिच्यावर चिडून होते, कारण आफ्रिकन लोकांचे देव, त्यांचा कायदा, त्यांची बहुपत्नी घरं यात काहीतरी तर्क आहे असं ती म्हणायची. त्या काळच्या इंग्लंडात हे म्हणणं सोपं नव्हतं. साम्राज्यवादी होतीच, पण ऐकून घेणारी होती.

---

शंकासुर | ११:३१

ऐकून घेणारी साम्राज्यवादी. बरं.

---

खाडीकाठची | ११:५८

शंकासुर, पहिल्या मुद्द्याबद्दल. लोकांकडून मासे घेतले हे खरंच आहे. पण ती काठावर खुर्ची टाकून बसली नव्हती. ओगोवेवर वल्हवायला शिकली आणि आपल्याला एकटीला होडी चालवता येते याचा तिला, डॉ. गुंथर यांनी तिचे मासे पसंत केले याइतकाच अभिमान. ओहोटीला खारफुटीच्या चिखलात अडकून पडली, भरती येईपर्यंत तिथेच. एकदा मगरीने होडीच्या मागच्या टोकावर पुढचे पाय टेकले, तर होडी कलंडू नये म्हणून ही आधी पुढच्या टोकाला सरकली आणि मग तिच्या थोबाडावर वल्हं हाणलं. क्रम बघा. आधी तोल, मग वल्हं. पाण्यात वाढलेल्या माणसाचं डोकं असं चालतं.

आणि गॅबनच्या किनाऱ्याजवळचं कोरिस्को बेट. तिथल्या तळ्यांमधली मासेमारी फक्त बायकांची. वर्षातून ठरलेल्या दिवसांत सगळ्या जणी टोपल्या घेऊन तळ्यात उतरायच्या, ओळीने पुढे सरकत मासे कोंडायच्या. किंग्सली ते बघायला मुद्दाम होडीतून त्या बेटावर गेली. आत्याने त्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, "आमच्या कातकरणी!"

---

चढणीचा_मासा | १२:१५

आत्याने अगदी बरोबर लिहिलंय. आमच्या कर्जतकडे पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की कातकरणी साडीचा पदर नाहीतर टोपली आडवी धरून असेच मासे धरतात. चढणीच्या माशांचा तो वास एकदा नाकात बसला की... जाऊ दे, पाऊस यायचाय अजून.

---

शाश्वत_विचार | १२:४०

चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. ते धरणं म्हणजे पुढच्या हंगामाचं बियाणं खाणं. हे कौतुकाने लिहावं असं नाही.

---

चढणीचा_मासा | १२:४८

दादा, ओढ्यावर टोपली घेऊन उभ्या राहिलेल्या दोन बायकांनी नदी रिकामी होत नाही. वर धरण झालं आणि खाली कारखान्याचं पाणी आलं, त्याने झाली. आधी तिकडे जा.

---

शाश्वत_विचार | १२:५५

दोन्ही बोलायला हरकत नाही. असो, हा विषय वेगळा धागा काढून.

---

काचघर | दुपारी १:३०

मी अॅक्वॅरियमवाला, त्यामुळे माझ्यासाठी ही बाई म्हणजे तीन मासे.

तिने आणलेल्या संग्रहात साधारण ६५ जातींचे मासे होते. त्यातल्या तीन नव्या जातींना गुंथर यांनी १८९६त तिचं नाव दिलं. आजच्या नावांनी सांगायचं तर टेनोपोमा किंग्सलेई, ब्रायसिनस किंग्सलेई आणि पॅरामॉर्मिरॉप्स किंग्सलेई.

पहिला आपल्या नात्यातला. बंगाली लोक ज्याला कोई म्हणून डोक्यावर घेतात, जो पावसात तळ्यातून बाहेर येऊन गवतातून सरकत जातो, त्याच घराण्यातला. हवेतून श्वास घेतो. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका.

दुसरा चंदेरी, साधा. त्याच्याबद्दल फार काही नाही.

तिसरा मात्र जादू आहे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही म्हणून हे मासे शेपटीजवळच्या अवयवातून विजेचे बारीक बारीक ठोके सोडतात. त्यावरूनच वाट शोधायची, त्यावरूनच जोडीदार ओळखायचा. शॉक बसण्याइतकी वीज नसते. माझ्याकडे त्याच कुळातला एलिफंटनोज होता. त्याच्या टाकीत दोन तारा सोडून छोट्या अॅम्प्लिफायरला जोडल्या होत्या. दिवा बंद केला की स्पीकरमधून टक् टक् टक्. मी टाकीजवळ बोट नेलं की टकटक वाढायची. बायको म्हणायची, रात्री बंद कर, कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटतं.

किंग्सलीने तो मासा स्पिरिटमध्ये टाकला तेव्हा तो असं बोलतो हे तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. विजेचे हे बारीक ठोके ओळखता आले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. आता याच जातीच्या वेगवेगळ्या नद्यांतल्या माशांचे ठोके वेगळे कसे, यावर लोक संशोधन करतात. तिच्या नावाचा मासा अजून काम देतोय.

---

भुकेलेला_वारकरी | १:४१

एवढं सगळं वाचलं. आता सांगा, चवीला कसा?

---

काचघर | १:४४

हा प्रश्न येणार हे मला पहिल्या ओळीलाच माहीत होतं.

---

लंडनची_थंडी | २:२०

काचघर, फार सुंदर.

मी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये स्पिरिट संग्रहाची टूर केली आहे. डार्विन सेंटरच्या मागच्या बाजूला मजलेच्या मजले बरण्या, दोन कोटी वीस लाख नमुने. खाली तळघरात मोठाली टाक्यांची खोली, तिथे आर्ची नावाची जायंट स्क्विड, ८.६२ मीटर. सगळे तिच्याभोवती. मी मात्र बाजूच्या कपाटातल्या मुठीएवढ्या बरण्या बघत राहिले. मासा पार पांढरा पडलेला, गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, शाईने गिचमीड अक्षर. रंग पूर्ण जातो, कुठल्या नदीतून आला एवढंच उरतं.

किंग्सलीच्या बरण्या तिथेच कुठेतरी असणार. तेव्हा हे नाव माहीत नव्हतं, नाहीतर विचारलं असतं.

---

पोस्टमनची_मुलगी | ३:०५

धाग्याच्या नावातला "नवरा" कुठेय? मी त्याच्यासाठी आले.

---

खाडीकाठची | ३:२२

अरे हो! राहिलंच.

तिला सगळीकडे एकच प्रश्न, "नवरा कुठाय तुझा?" नवरा नाही असं सांगितलं की पुढे शंभर प्रश्न. म्हणून तिने तोडगा काढला: नवऱ्याला शोधतेय असं सांगायचं, आणि आपल्याला ज्या दिशेला जायचंय त्याच दिशेला तो गेलाय म्हणायचं. लोक हळहळतात, वाट दाखवतात, मदत करतात.

---

एकटी_जीव | ३:४०

ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट). मी औषधांच्या कंपनीत एम.आर. होते, मराठवाड्यात वीस वर्षं एकटीने एस्टीने. लॉजवाले विचारायचे, "मिस्टर नाहीत बरोबर?" मी सांगायचे, "पुढच्या गाडीने येतायत." वीस वर्षं माझे मिस्टर पुढच्या गाडीत होते. लग्न मी केलंच नाही.

---

नाना_सदाशिव | ३:४६

हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

---

नऊवारी | ४:१५

तिच्या स्कर्टची गोष्ट कुणी लिहिली नाही. फांग लोकांच्या मुलखातून चालताना ती जनावरांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडली. तळाशी फूटफूटभर लांब आबनुसाचे टोकदार खुंटे. जाड लोकरी स्कर्टच्या घोळामुळे वाचली. पुरुषी विजार घालण्याचा सल्ला देणाऱ्यांना तिने नंतर हे ऐकवलं. माझं म्हणणं, घट्ट कासोटा घातलेली कोळीण तिथे पडलीच नसती.

---

शंकासुर | ४:२१

याला पुरावा?

---

नऊवारी | ४:२३

खड्डा खणा, दाखवते.

---

टोरांटोकर | ५:१०

मूळ प्रश्नाकडे येतो, घरातली गळवाली बाई. आमच्या सासूबाई.

त्या माळकरी. आळंदी, पंढरपूर, काशी, दोनदा चारधाम आणि मुलीकडे म्हणून कॅनडा. शेजारचा म्हातारा हिवाळ्यात सिमको तलावावर बर्फात भोक पाडून मासे धरायला जायचा. एकदा सहज विचारलं, येता का? आम्हाला वाटलं, नाही म्हणतील. त्या शाल घेऊन गाडीत बसल्या पण. लायसन्स काढलं. बर्फावर तंबू, आत छोटा हीटर, भोकात काळं पाणी. दोन तास एक शब्द न बोलता त्या भोकाकडे बघत होत्या. घरी जपाला बसतात तशाच, हेच आम्हाला आधी कळलं नाही. पर्च लागला तेव्हा जोरात "विठ्ठल!" ओरडल्या, म्हातारा दचकून उठला.

मासा सोडून दिला. घरी आल्यावर आंघोळ, जप. पुढच्या शनिवारी पुन्हा तयार. नातेवाइकांना हे सांगायची आम्हाला सक्त मनाई होती. आता त्या नाहीत, म्हणून इथे लिहितोय. माळकऱ्यांनी कृपया समजून घ्यावं.

---

भुकेलेला_वारकरी | ५:१८

समजून घेतलं. मासा सोडला ना, मग चालतंय. (माझ्या नावाकडे बघू नका.)

---

शाश्वत_विचार | ५:२५

खात नाही तर तोंडात गळ का रुतवायचा, हा प्रश्न उरतोच. पण "विठ्ठल!" वाचून हसलो.

---

सुलू_नागपूर | ६:००

अवांतर. ती १८९३त आफ्रिकेत पोचली तेव्हा आपल्या रखमाबाई लंडनमध्ये डॉक्टरी शिकत होत्या. एक मुंबईहून लंडनला आलेली, एक लंडनहून निघालेली. एकीला लहानपणी लावलेलं लग्न नाकारल्याबद्दल कोर्टात उभं राहावं लागलं, दुसरीला आईवडील जाईपर्यंत घराबाहेर पडता आलं नाही.

---

मचवा | ६:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणखी एक, तिच्या स्मरणार्थ १९०१त लंडनला आफ्रिकन सोसायटी निघाली, आजची रॉयल आफ्रिकन सोसायटी. जिने विद्वानांच्या संस्थांत बायका नकोत म्हटलं तिच्याच नावाने संस्था.

---

शंकासुर | ६:३३

हे मात्र आवडलं. आणि खाडीकाठची, पहिली शंका मागे घेतो. आधी तोल, मग वल्हं, हे वाचून पटलं.

---

तांबोशी | रात्री ८:४०

खाडीकाठची, डब्यातले गळ गंजले असतीत. खाऱ्या पाण्याचे गळ धुवून, तेलाचो हात लावून ठेवूचे लागतत. बघितलंस काय?

---

खाडीकाठची | ९:१५

तुझं वाचून आत्ताच डबा काढला. वर्षभर उघडला नव्हता.

गंज नाहीये. सगळे गळ खोबरेल लावून, नंबरवार, इंजेक्शनच्या रिकाम्या प्लास्टिक नळ्यांमध्ये घालून टोपणं लावलेली. नर्सच ती. नळ्यांवर औषधाच्या चिकटपट्टीवर लिहिलंय: शेतका, काळुंदर, तांबोशी. एका नळीवर "त्रिपोली", एका नळीवर नुसतंच "थेम्स?". ती नळी रिकामी आहे.

---

तांबोशी | ९:२२

तांबोशीच्या नळीत कितव्या नंबराचो?

---

खाडीकाठची | ९:२४

चिकटपट्टी सुटलीये, नंबर वाचता येत नाही. करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा.

---

तांबोशी | ९:२५

लहान आसा. मोठी तांबोशी तो सरळ करून जातली. रविवारी पाच वाजता भरती असा, धक्क्यार ये. माझ्याकडचे देतंय.